टेकडीवरचे देव

शनिवार, ४ ऑगस्ट

फाटकाशेजारच्या भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगाने लिहून गेलंय — 'या टेकडीचा मालक येशू आहे.' सकाळी मी झाडू घेऊन बाहेर गेले तर रंग अजून ओला होता. बोटाला लागला.

आमच्या देवघराची पुजारीण, मोठी आई, काठी टेकत आली. वाचलं. म्हणाली, "अक्षर चांगलं आहे. कुणीतरी शाळा पुरी केलेली दिसते." आणि आत निघून गेली.

पुसायचं की नाही? मी पुसलं नाही. येशूचं नाव आहे, पुसलं तर त्रास द्यायला आणखी एक निमित्त मिळेल.

दुपारी फणसाखाली वर्ग भरला. लुआंदा, माझी मुलगी, विद्यापीठात इतिहास शिकते. तिथलं शिकलेलं शनिवारी इथे येऊन सांगते. ती बोलायला लागली की मला कधी अभिमान वाटतो, कधी धाकधूक. आज तिने बंदराचं सांगितलं. समुद्रापलीकडून गुलाम करून आणलेली जी माणसं जहाजातून उतरवेपर्यंत मेली, ती मागच्या खड्ड्यात टाकत, शहराच्या कचऱ्याबरोबर. पुढे वरून घरं उठली. लोक त्यावर राहिले, जेवले, लग्नं केली. एका बाईने विचारलं, "त्यात आपलं कुणी असेल का गं?" लुआंदा म्हणाली, "असेलच." 

मोठी आई शेवटी म्हणाली, तिच्या आजीच्या घरावर पोलीस आले होते. ढोल, माळा, देवांची भांडी, सगळं गाडीत घालून नेलं. आजीने दुसऱ्याच महिन्यात नवे देव बसवले. "पण ते पोलीस परके होते," ती म्हणाली. "परक्याला शिव्या द्यायला सोपं जातं."

ती भिंतीकडे बघत नव्हती. मला मात्र भिंतच दिसत होती.

सोमवार, ६ ऑगस्ट

क्रेउझा वेण्या घालायला आली. गेली दोन-तीन वर्षं माझ्या वेण्यांच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. नव्या चर्चमध्ये जायला लागल्यापासून मला रस्त्यात बघून ती पलीकडच्या बाजूने जायची. आज येऊन खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बारीक घाल. घट्ट."

अर्धं डोकं झालं तेव्हा बोलली. "जुरेमा, शुक्रवारी देवाचं पांढरं नेसून खाली उतरू नका. गळ्यात माळा नकोत. ढोल तर नकोच."

"हे कोण म्हणतंय?"

"मी काही म्हणत नाही. मी नुसतं सांगतेय."

"मेल्की म्हणतोय?"

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटून घेतले.  मी विणत राहिले.

मेल्की तिचा मुलगा. पूर्ण नाव मेल्किसेदेक, आता सगळी टेकडी त्याच्या टोळीच्या हातात. तान्हा होता तेव्हा छाती भरली होती, दवाखान्याने घरी न्या म्हणून सांगितलं. क्रेउझा त्याला घेऊन अनवाणी वर धावत आली होती, मला आठवतंय. मोठ्या आईने त्याच्यावरून लाह्या उतरवल्या, त्याला पानांच्या पाण्याने न्हाऊ घातलं आणि ओगुनच्या ओटीत टाकलं. लोखंडाचा आणि लढाईचा देव. पोराच्या नावाने त्या देवाचं मातीचं भांडं देवघरात बसवलं, त्यात दगड आणि लोखंडाचे तुकडे. पोर जगलं. मग वर्षानुवर्षं आमच्याच अंगणात रांगलं, आमच्याच ताटात जेवलं, ढोलाला टेकून झोपलं. पुढे तुरुंगात गेला. तिथे बाप्तिस्मा घेतला. परत आला तेव्हा एका हातात बायबल होतं आणि दुसऱ्यात बंदूक.

जाताना क्रेउझा दारात थांबली. "वेण्या छान झाल्या," म्हणाली. 

बुधवार, ८ ऑगस्ट

बुधवारचे देवाचे ढोल वाजले नाहीत. कुणी वाजवू नका म्हटलं नाही. वाजवणारेच आले नाहीत.

शुक्रवार, १० ऑगस्ट

सांगितलं होतं! हज्जारदा सांगितलं होतं.

लुआंदा पांढरा झगा आणि माळ घालूनच गेली. बसथांब्यावर तिघांनी अडवलं. परत आली तेव्हा मुठीत मणी होते, गुडघा खरचटलेला. रडली नाही. मीच रडले.

"त्यातला एक शाळेत माझ्या वर्गात होता, आई," ती म्हणाली. "आधी मला सॉरी म्हणाला. मग तोडली."

हे तिने दोनदा सांगितलं. मारलं असतं तरी तिला इतकं लागलं नसतं.

मोठ्या आईने मणी वाटीत ओतून घेतले आणि डोळ्याला चष्मा लावून ओवायला बसली. लुआंदा तिच्यावर ओरडली. मोठ्या आईवर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. "तुम्ही मणी काय ओवताय? हेच केलं गोऱ्यांनी आपल्याशी, शेकडो वर्षं हेच! आधी नाव काढून घेतलं, मग देव. आणि आता आपलीच माणसं!"

मोठी आई म्हणाली, "दोरा जरा पुढे कर गं. मला दिसत नाही."

लुआंदाने दोरा पुढे केला.

संध्याकाळच्या आत मी तिला शहरात मैत्रिणीकडे पाठवलं. ती जायला तयार नव्हती. मी तिच्या पाया पडले, तेव्हा गेली. आईने मुलीच्या पाया पडावं, अशी वेळ आली.

शनिवार, ११ ऑगस्ट

वर्गाला कुणी आलं नाही. मोठ्या आईने तरी फणसाखाली स्टुलं मांडायला लावली. संध्याकाळी मी ती उचलून ठेवली.

गुरुवार, १६ ऑगस्ट

आज मोठ्या आईशी भांडले.

मी म्हटलं, "मोठी आई, आपण जाऊ या. तुमच्या भाचीचं घर आहे, मोठं आहे. देव घेऊन जाऊ."

"आणि फणस?"

"फणस कसा नेणार?"

"तेच म्हणते मी."

"थट्टा नका करू. तिकडे खालच्या वाडीत एका बाईचं घर जाळलंय त्यांनी."

"माहीत आहे." ती वाटाणे सोलत होती. हात थांबले नाहीत. "मी तुझं डोकं भादरून तुला देवाला दिलं, तेव्हा तू केवढी होतीस? एकोणीस? तुझ्या बापाने दाराला लाथा मारल्या होत्या. तेव्हा तू घाबरली नाहीस."

"तेव्हा बापाच्या हातात बंदूक नव्हती. आणि मेल्की आता आपला राहिलेला नाही."

यावर मात्र ती थांबली. "आपला नाही तर कुणाचा? त्याचा परत आलेला श्वास मी ऐकलाय. त्याच्या आईच्याही आधी."

मला तिचा रागच आला. ओल्या डोळ्यांनी कुणी म्हटलं असतं तर समजलं असतं. ती अगदी वाटाण्यांबद्दल बोलल्यासारखी बोलत होती.

शनिवार, १८ ऑगस्ट

ओमोलूचा सण. रोगराई देणारा आणि बरी करणारा तो. त्याचं जेवण चुकवता येत नाही. चुकवलं तर काय होतं, ते मला तोंडानेही म्हणवत नाही.

ढोल नाही. जमलो त्या फक्त बायका. कुणी भर दुपारी बाजाराची पिशवी घेऊन आली, कुणी मुलाला दवाखान्यात नेतेय असं घरी सांगून. लाह्या फोडल्या, टोपलीत भरल्या. गाणी ओठातल्या ओठात. टाळ्या मांडीवर, हळू.

मला वाटलं, ढोलाशिवाय देव कसला येतोय. मोठी आई खुर्चीत बसली होती. हल्ली तिला धड उभंही राहवत नाही. अचानक तिची काठी पडली. अंगात आलं. आम्ही गवताचा झगा तिच्यावर घातला, तोंड झाकलं. त्याने नाचावं, सगळ्यांवर लाह्या टाकाव्यात, ही रीत. तो नाचला नाही. सरळ फाटकाकडे चालत गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

आम्ही मागे टोपल्या धरून उभ्या. ऊन उतरलं. तो हलेना. रस्त्यावरून मोटारसायकलवर दोन पोरं गेली, वळून परत आली, गवताने झाकलेलं ते रूप बघून गाडी बंद केली आणि पायांनीच ढकलत मागे घेतली.

मग देव निघून गेला. मोठी आई शुद्धीवर आली, म्हणाली, "पाय का दुखतायत गं माझे इतके?"

मी तिचे पाय दाबत बसले.

बुधवार, २२ ऑगस्ट

काल आले.

लिहायचं ठरवलंय तर सगळं लिहायचं.

मी देवघर पुसत होते. फाटक उघडंच होतं, दिवसा आम्ही लावत नाही. मेल्की पुढे, मागे चार-पाच जण. इस्त्रीचा शर्ट घातलेला, खांद्याला पिशवी. एकाच्या हातात बेसबॉलची बॅट होती. टेकडीवर तो खेळ कोण खेळतं?

"दोना निल्झा," तो मोठ्या आईला म्हणाला, परक्या बाईंना म्हणावं तसं. लहानपणी तो तिला आजी म्हणायचा. "हे सगळं आज बंद."

मोठी आई बाकावर बसली होती. "जेवलास का?" तिने विचारलं.

मागचा एक जण हसला. मेल्कीने वळून बघितल्यावर गप्प झाला.

"तुमच्या हाताने फोडायचं," तो म्हणाला. "आम्ही हात लावणार नाही. सैतान तुम्ही बोलावलात, तुम्हीच हाकला."

मी मध्ये गेले. मला भिंतीशी उभं केलं. बंदुकीची नळी गार असते असं म्हणतात. गार नव्हती. उन्हात तापलेली होती.

मोठी आई उठली. बॅट तिने घेतली नाही. एकेक भांडं फळीवरून उचलायची, नाव घ्यायची, आणि जमिनीवर सोडून द्यायची. समुद्राच्या येमांजाचं. नदीच्या ओशुनचं. माझं.  मागची पोरं 'येशूच्या रक्तात सामर्थ्य आहे' म्हणत होती, आधी जोरात, मग कमी जोरात. फळी रिकामी होत गेली तसा त्यांचा आवाजही उतरत गेला. दोघे मान खाली घालून होते. त्यातल्या एकाचं जावळ आमच्याच अंगणात काढलं होतं.

शेवटी एक राहिलं. तिने उचललं आणि सोडलं नाही. मेल्कीपुढे धरलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "हे तुझं. याला मी कशी फोडू? तूच फोड."

त्याच्या चेहऱ्यावरचं मला काहीच वाचता येईना. आतलं लोखंड हलकेच वाजलं.   भांडं दोघांच्याही हातात होतं.

"सगळे बाहेर," तो म्हणाला.

पोरं बाहेर. आम्हा दोघींनाही बाहेर काढलं. दार लागलं. फणसाखाली उभ्या राहून आम्ही ऐकलं. आत काहीतरी जोरात फुटलं.

मोठ्या आईने माझा दंड पकडला. तोंड एका बाजूला वाकडं झालं. ती खाली बसली, मी धरेपर्यंत आडवीच झाली.

तो बाहेर आला तो थेट चालत गेला. खांद्याला त्याची पिशवी होती. आमच्याकडे बघितलं नाही. फाटकातून म्हणाला, "उद्या सूर्य उगवायच्या आत टेकडी सोडा."

मी देवघरात पाऊलही टाकलं नाही. आधी तिला उचलायचं होतं. कुणाच्या तरी गाडीत घातलं. गाडीवाल्याने नाव सांगू नका म्हणून विनवलं.

शुक्रवार, २४ ऑगस्ट

भाचीच्या घरी. दवाखान्याने सोडलं. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. डोळे उघडे असतात. चमच्याने पेज भरवते, अर्धी बाहेर येते.

लुआंदा पोलिसात जाऊन आली. तिथल्या माणसाने विचारलं, "शेजाऱ्यांचं भांडण आहे का?" ती म्हणाली, "हो. पाचशे वर्षांचं." त्याने पेन खाली ठेवलं.

गुरुवार, ३० ऑगस्ट

आज शुद्धीत होती. मी तिच्या कानात सगळ्यांची नावं घेतली, फुटलेल्या प्रत्येकाचं. मेल्कीच्या ओगुनचं नाव घेतलं तेव्हा डाव्या हाताने माझं तोंड झाकलं. का, ते कळलं नाही. राग असेल.

सोमवार, ३ सप्टेंबर

मोठी आई गेली. सकाळी, मी केस विंचरत असताना.

बुधवार, १२ सप्टेंबर

तिच्या नावाने जे करायचं ते केलं. ढोल नव्हते, म्हणून भोपळे पाण्यात पालथे घालून वाजवले. तशीही तीच रीत आहे मेलेल्यांसाठी. देवांना विचारलं, घर कुणी सांभाळायचं. उत्तर माझ्याकडे आलं. मी म्हटलं, कुठलं घर? काय सांभाळू? खापऱ्या?

लुआंदा म्हणते, मोठ्या आईच्या आजीने नवे देव बसवले, तसं आपणही बसवू. तिला वाटतं इतिहास म्हणजे तोंडपाठ केला की आपल्याही हातून होतो. मला तर नुसतं ते फुटणं ऐकू येतं. मोठ्या आईने ज्याला जगवलं, त्याने दार लावून घेतलं आणि तिला ऐकायला लावलं. बाकीची भांडी फुटली तेव्हा ती उभी होती. त्या एकाने तिला पाडलं.

मेल्की मरावा, असं आज मनात आलं. देवापुढे बसून आलं. हेही लिहून ठेवते.

मंगळवार, २ ऑक्टोबर

क्रेउझा आली. दोन बस बदलून, डोक्याला रुमाल बांधून. दारातच म्हणाली, "आत घेऊ नकोस, चालेल. ऐकून घे." त्या दिवशी मेल्कीने देवघरातला पाण्याचा माठ फोडला होता, म्हणाली. त्याचं भांडं पिशवीत घालून नेलं. तिच्या स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीमागे ठेवलंय. दर मंगळवारी येतो, त्यासमोर बसतो, बोलत नाही. त्याच्या माणसांना कळलं तर ते त्याला जिवंत ठेवणार नाहीत. तिलाही नाही.

"जुरेमा," ती अगदी हळू म्हणाली, "भांड्यातल्या त्याला खायला काय घालायचं?"

 मी सांगितलं. कोनफळ, निखाऱ्यावर भाजून. उकडायचं नाही.