आत्याचा रकाना

ता. ४ मार्च

ती. आत्यास, चिमणीचा सा. न. वि. वि.

मी घराण्याची वंशावळ करायला घेतलीय. हसू नकोस! सुरुवात स्वतःपासून करायची आणि मागेमागे जायचं असतं म्हणे. इंटरनेटवर मांडते आहे, म्हणजे ज्याला जे ठाऊक ते तो भरू शकतो. पणजोबांपाशी घोडं अडलंय.

चुलतकाकांनी तर तुला चक्क मृत लिहिलं होतं! आधी हसू आलं, मग राग. मी ते खोडून तुझं गाव, शिवणाचं दुकान, सगळं नीट भरलं. मशीनपाशी बसलेला फोटोही लावला. नवऱ्याचा रकाना तेवढा रिकामा आहे. बाबांना विचारलं, तर ते ताटावरून उठून गेले. आता तूच सांग.

तुझ्या पत्रासाठी आसुसलेली,
चिमणी

ता. ९ मार्च

चि. चिमणीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी दाराला कडी घातली गं. काकांनी लिहिलं ते चुकून नव्हे. तुझ्या जन्माआधी मी नवऱ्याच्या तावडीतून निसटले. मला जिवंत सोडणार नाही, असं तो चारचौघांत सांगत फिरायचा. म्हणून तुझ्या बाबांनी मी वारल्याची आवई उठवली आणि भाऊबंदांनी ती आजवर सांभाळली. एरवी त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही! तुला मात्र सांगायचं राहून गेलं, त्यात तुझा दोष नाही.

त्याच्या भीतीनेच मी फोन घेतला नाही, घरी नाही की दुकानात नाही. आता दाराशी कोणी आलं की सुई बोटात जाते. आजच्या आज मला पुन्हा मृत लिही.

जीव लावतेस तसाच लावत राहा,
आत्या

ता. १२ मार्च

ती. आत्यास सा. न.

बाबा हे पत्र घेऊन मिळेल त्या गाडीने निघताहेत.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. वंशावळ उघडली, तर नवऱ्याचा रकाना भरलेला होता. त्याने स्वतःच भरला होता. मी तुला मृत लिहिलं. लगेच तिथेच त्याचा निरोप आला. त्याने कळवलंय की आज सकाळीच त्याने तुझ्याकडे शर्ट उसवून शिवायला टाकला, तू मापं घेतलीस, आणि त्याला ओळखलं नाहीस.

शर्ट न्यायला तो उद्या संध्याकाळी येणार आहे. आत्या, मला फार भीती वाटते. काही विचारू नकोस, काही आवरू नकोस, बाबांबरोबर तशीच निघ.

लोभ मागायला तोंड न उरलेली,
चिमणी