गल्लीपलीकडचं बिनतारी इंटरनेट

२६ सप्टेंबर १९९९, रविवार
मिरजेला बनाआत्याकडं येऊन दोन महिने झाले. आठ दिवसांसाठी आलो होतो. सांगलीत कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स तीन महिन्यांत सोडला. उरलेलं मला साधारण अंदाजानं येतं.
समोर नाथाजी सुभेदार. मिलिटरीतनं रिटायर, आता ऊस. पोरगा जयराज बंगलोरला, त्याच्या ईमेलसाठी नवा कॉम्प्युटर, इंटरनेटसकट. आत्याकडं क्लासनं टाकून दिलेला कॉम्प्युटर. मीच उचलून आणला. मधी चाळीस पावलांची गल्ली.
प्लॅन: त्यांचं इंटरनेट ह्या घरात आणायचं. वायर चालणार नाही, उसाच्या ट्रॉलीनं केबल टीव्हीची वायर दोनदा तोडलीय. म्हणजे बिनतारी. जिल्ह्यात पहिला मीच.

२८ सप्टेंबर
आत्याची पोरगी नीलिमा लॅबचा कोर्स करून बसलीय. पुण्याच्या एका हॉस्पिटलात ट्रेनिंगसाठी तिचा फॉर्म मी भरला. ईमेलच्या जागी माझा पत्ता. फोनची जागा कोरी सोडली, जुन्या पद्धतीला उत्तेजन नको.
ती म्हणाली, बोलावणं आलं की सात दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. रोज समोर जाऊन बघू का, असंही विचारत होती. मी म्हटलं, तू तुझ्या घरात, तुझ्या खुर्चीत बसून वाचशील. शब्द दिला.

२९ सप्टेंबर, सकाळ
काम सुरू.
दुपार: झोप.

२ ऑक्टोबर
कल्पना सुचली. इंटरनेट येतं फोनमधनं. सुभेदारांकडं लांब पल्ल्याचा कॉर्डलेस फोन आहे, उसाला पाणी पाजताना बोलता यावं म्हणून घेतलेला. घरावर छत्रीएवढी अँटेना. फोन बिनतारी, तर इंटरनेट आपोआप बिनतारी. एवढी सोपी गोष्ट कुणालाच कशी सुचली नाही, ह्याचं वाईट वाटलं.
सुभेदार म्हणाले, ने, पण मोडू नगंस.

३ ऑक्टोबर
यश! समोर इंटरनेट चालू असताना आत्याच्या स्वयंपाकघरात हँडसेट कानाला लावला. खर्रर्र, टिंग, खर्रर्र. आत्याला ऐकवलं. म्हणाली, बिघडलाय. अशिक्षितपणा. आवाज पोचला म्हणजे निम्मं काम झालं. आता फक्त अक्षरं यायची राहिलीत.

५ ऑक्टोबर
हँडसेट कॉम्प्युटरच्या माइकपाशी रबरबँडनं बांधला. पडद्यावर काही नाही. पडदा जुना आहे.
सुभेदारांची तक्रार: जयराजचं पत्र उघडायला लागलं की इंटरनेट तुटतंय, बरोब्बर मी इकडं हँडसेट चालू केला की. योगायोग. लाइन खराब असेल म्हणालो.

६ ऑक्टोबर
जास्त ताकदीची अँटेना पाहिजे. दोस्त गुंडा कोयनानगरला प्रोजेक्टच्या कॉलनीत असतो, त्याच्याकडं भंगारात एक आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

१० ऑक्टोबर
परत आलो. घाट लागला, उलटी झाली, एक दिवस त्यात गेला. मग धरण बघितलं. मग गुंडाच्या मामाकडं, त्याच्या कुस्तीच्या आखाड्यात जेवण. अँटेना आणायची राहिली. पण धरणावरनं एक गोष्ट शिकलो: पाणी अडवलं की प्रेशर वाढतं. इंटरनेटचंही तेच असणार.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
सुभेदारांकडं सहज मेल बघितली. पुण्याची आलीय, नीलिमाच्या नावानं! उघडणार होतो, हात आवरला. पहिली मेल, आणि ती परक्या घरात उघडायची? दिलेल्या शब्दाचं काय?
ठरलं. दसऱ्याला, १९ तारखेला उद्घाटन. त्यांच्याकडं दसरा, आमच्याकडं धम्मचक्र प्रवर्तन दिन, दोन्ही घरांत गोडधोड. रिबन नीलिमा कापेल, नारळ सुभेदार फोडतील. तोवर कुणाला सांगायचं नाही.

१४ ऑक्टोबर
नीलिमा रोज विचारते. मी रोज गालात हसतो. सस्पेन्स जमतोय.

१६ ऑक्टोबर
रिबन आणली. लाल. बाकी प्रगती नाही.

१८ ऑक्टोबर, सोमवार, खंडेनवमी
दुपारी तीनला हँडसेट उघडून आतनंच वायर जोडायला बसलो. चार स्क्रू काढले. नीलिमानं रिबन बघितली, कशाची म्हणून विचारलं. राहवलं नाही, सांगितलं. तुझं बोलावणं येऊन पडलंय, ११ तारखेपासनं.
ती बोटांवर मोजायला लागली. सात दिवस आज संपतात, पाचला ऑफिस बंद, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. सांगताना मात्र मी खूशच होतो.
ती पळत समोर गेली. मी मागनं. सुभेदारांनी शस्त्रपूजा मांडलेली: बारा बोअरची बंदूक, विळे, पंपाचा पाना आणि मधोमध कॉम्प्युटर, काचेवर हळदकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचा हार. नीलिमानं हात जोडून सांगितलं. सुभेदारांना वाईट वाटलं, पण हार काढायचं नाव नाही.
"पोरी, मांडलेलं हत्यार उद्याच हलवायचं. कारगिल चालू असतं तरी न्हाई हलवलं असतं."
"आबा, फोन मांडलाय का?"
"न्हाई. त्यो ह्या गड्याकडं हाय."
ती माझ्याकडं वळली. आवाज चढवला नाही, तेच वाईट.
"दादा, स्क्रू लाव."
घरी पळत येऊन शोधले, तीन सापडले. चौथ्याच्या जागी रबरबँड. चार चाळीसला तिनं फॉर्मसोबत आलेल्या माहितीपत्रकावरचा हॉस्पिटलचा नंबर लावला. आपलं नाव सांगितलं, येते म्हणाली, ठेवला. दोन मिनिटं.
नोंद: हँडसेट मी वेळेत परत केला असता तर तोही पूजेला बसला असता. कुणी आभार मानले नाहीत.

१९ ऑक्टोबर
आत्या, नीलिमा विहारात. उद्घाटन पुढं ढकललं. रिबन नीलिमानं ट्रंकेला बांधली, ओळखू यावी म्हणून.

२५ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी नीलिमाला मिरज स्टेशनवर सोडलं. रात्रभर भाषण तयार केलं होतं, गाडी वेळेवर आली. ती म्हणाली, पोचले की सुभेदारआबांकडं फोन करते. तू तिथं थांब, आणि आईला हाक मार. तेवढंच कर, दादा. दुसरं काही करू नको.
संध्याकाळी सहाला सुभेदारांच्या ओट्यावर बसलो. हँडसेट त्यांनी माझ्या हाताला लागेल असा ठेवला नव्हता. सातला फोन आला. मी उभा राहून हाक मारली, "आत्या ऽऽ!"
पहिल्याच हाकेला पोचली. चाळीस पावलं, वायर नाही, मधी काही तुटलं नाही.
सुभेदार म्हणाले, "गड्या, ह्ये पयल्या दिवशीच करायचं न्हाई व्हय?"