बायकांच्या खेळाला जायचं होतं

आप्पा,

उद्या आमच्या टिळकवाडीतल्या गणपतीपुढं दिवसभर कार्यक्रम आहेत. सकाळी कीर्तन, दुपारी मुलींचा मेळा, संध्याकाळी गाणं. मांडव घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तरी मघापासून माजघरात नुसता वाद चाललाय. आधी जेवायचं की आधी मेळा बघायचा, सासूबाईंना टांग्यातून न्यायचं की हाताला धरून चालवत, पाऊस आला तर काय. आमचे हे प्रत्येक गोष्टीला एक ‘पण’ जोडतात आणि मुलं बापाच्या तोंडाकडं बघत बसतात. मी उठून आतल्या खोलीत आले आणि दार लावून घेतलं. एवढं चिडण्यासारखं कुणी काही केलेलं नाही. राग यांच्यावरचा नाहीच, तो तुमच्यावरचा आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, इंग्रजसुद्धा आता जायची भाषा करू लागले, पण हा राग काही जात नाही.

निपाणीला आपल्या घरी श्रावण लागला की तुमची आखणी सुरू व्हायची. शाळेतून यायचं, पाय धुवायचे, सोप्यावर पाटावर बसायचं आणि आईला हाक मारायची. बेळगावच्या तिच्या माहेरच्या गल्लीत गणपतीपुढं नाटक व्हायचं. गल्लीतलीच माणसं करायची. मामा दिवसभर कचेरीत कारकुनी करी आणि गणपतीत नायिका होऊन उभा राही. रात्रीच्या गर्दीत बायकांना जाता येत नाही म्हणून गल्लीनं एक रीत पाडली होती, एका दुपारी फक्त बायकांसाठी खेळ लावायचा. आईनं मामाला लहानपणी परकर नेसवून नाचवलं होतं, गाण्याच्या चाली तिनंच त्याच्याकडून घोटून घेतल्या होत्या, आणि तो नावारूपाला आला तोवर ती लग्न होऊन निपाणीला आलेली. त्याला रंगभूमीवर तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. बेळगावहून आलेली बाई भेटली की म्हणायची, ‘तुझा भाऊ उभा राहिला की आमालाच आमच्या नेसण्याची लाज वाटती बघ.’ आई हसायची आणि चुलीकडं वळायची.

तुम्ही बोलायला लागलात की मात्र ती चूल सोडून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहते. तुम्ही सांगताय, ‘पहाटेच्या मोटारीनं निघायचं. पुढचा बाक धरायचा, मागं हादरे फार. न्याहारी करायची नाही, रिकाम्या पोटी प्रवास बरा. दुपारच्या आत गल्लीत. वहिनींच्या हातचं जेवण. मग तुम्ही दोघी मांडवात पुढं, बायकांच्यात, आणि मी पेटीवाल्याच्या मागं पडद्याआड उभा राहीन, मेव्हण्याला सांगून.’ मेळा कुठल्या चौकात बघायचा, आरती कुठल्या गणपतीची घ्यायची, परत येताना माझ्यासाठी काचेच्या बांगड्या कुठल्या दुकानातून घ्यायच्या, सगळं तुम्हाला पाठ. मला तर कधी कधी वाटायचं, आपण आत्ताच जाऊन आलो.

आणि मग दिवस जवळ आला की काहीतरी निघायचं. एका वर्षी संकेश्वरला हिरण्यकेशी चढली असं तुम्ही कुणाकडून तरी ऐकून आलात. एका वर्षी तुमच्या शाळेत इन्स्पेक्टर येणार होते, ते नंतर दिवाळीच्या तोंडावर आले. एका वर्षी मला खोकला झाला. साधा खोकला, आप्पा, आईनं आल्याचा रस दिला आणि दोन दिवसांत बरा झाला. पण तुम्ही माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणालात, ‘पोरीला घेऊन एवढ्या लांब नको. पुढच्या वर्षी बघू.’ मी ते वर्षभर मनात धरून होते. माझ्यामुळं आईचं नाटक बुडलं, असं मला वाटायचं. पुढचा भाद्रपद जवळ आला तसा खोकला दाबायला मी तोंडात परकराचा बोळा धरायची. हे तुम्हाला कधी कळलं नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाहीत.

त्याच्या पुढच्या वर्षी मामाचा निरोप आला की हे शेवटचं. केस पांढरे झाले, आवाज फाटायला लागला, आता नायिकेचं काम गल्लीतला दुसरा मुलगा करणार. आईनं तो निरोप ऐकला आणि तुम्हाला काही न विचारता पेटीतून हिरवं लुगडं काढून उन्हात टाकलं. तुम्ही बघितलंत. तुम्हाला निघावंच लागलं.

मोटारीत तुम्ही पुढच्या बाकावर, आम्ही लगेच मागच्या. मला मोटारीचं एवढं कौतुक की मी ड्रायव्हरच्या पाठीला नाक लावून रस्ता बघत होते. तुम्ही एक शब्द बोलत नव्हतात. आईनं तुमच्या कोटाच्या खिशात लिंबू घातलेलं मी पाहिलं होतं, वाटलं, देवाला असेल. संकेश्वरला मोटार थांबली. तुम्ही खाली उतरलात, चिंचेखाली जाऊन तोंडावर पाणी मारलंत आणि लांबूनच हुकूम सोडलात, ‘उतरा दोघी. चाकाचा आवाज बरा नाही.’

ड्रायव्हर हसला. ‘मास्तर, चाकाला काय धाड भरलीया? लई येळा गेलतो आलतो ह्याच चाकावर. बसा की.’

‘मी सांगतो ना. उतरा. आज इथंच थांबू, उद्या बैलगाडी बघू.’

उद्या. खेळ आज दुपारी होता. मी आईकडं बघितलं. एरवी अशा वेळी ती मान खाली घालून सामान आवरायला लागायची. त्या दिवशी ती उतरली, पण बोचकं मोटारीतच ठेवून. चिंचेखाली जाऊन तुमच्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, ‘तुमी सावकाश या. मी चालले.’

‘एकटी?’

‘ही हाय की माझ्यासंगं.’

‘लोक काय म्हणतील?’

‘लोकास्नी म्या सांगते काय सांगायचं ते.’ ती परत आली, पदर खोचला आणि चढली. ड्रायव्हरनं मागं वळून विचारलं, ‘मावशी, मास्तरास्नी सोडून जायचं?’ ती म्हणाली, ‘व्हय. त्यास्नी काम हाय हितं.’ मोटार सुरू झाली. तुम्ही चिंचेखाली एक हात अर्धा वर करून उभे होता. तो हात थांबा म्हणून होता की जा म्हणून, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. वाटेत मोटार थांबली होती, तुमच्या चाकामुळं नव्हे, घाटात म्हशी आडव्या आल्या म्हणून. मांडव बायकांनी भरलेला, मागं उभं राहायलाही जागा नाही. आईनं मला कडेवर घेतलं. मी चांगली मोठी होते, पाय खाली लोंबत होते. पुढं निळ्या शालूतली एक बाई नवऱ्याची वाट बघत गात होती. आई माझ्या कानात म्हणाली, ‘त्यो बघ तुझा मामा.’ मला पटेना. मामाला मिशा होत्या. मग गाण्यात एक उंच जागा आली, त्याचा आवाज फाटला, बायका चुळबुळल्या, आणि आईनं तिथून, सगळ्यांच्या मागून, ती जागा उचलली. मोठ्यानं नाही. पण ती गायली. पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. मामानं डोळ्यांवर हात धरून गर्दीत पाहिलं, ओळखलं, आणि तीच ओळ परत घेतली. या वेळी फाटला नाही. आप्पा, आपल्या घरात तिला गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. तुम्ही ऐकलं होतंत का?

तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी आलात. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, वहाणा हातात, एकीचा अंगठा तुटलेला. मामा दारातच ओरडला, ‘भावोजी, गाडी कुठाय?’ तुम्ही म्हणालात, ‘चालत आलो.’ संकेश्वरपासून बेळगावपर्यंत चालत, मधे वंटमुरीचा घाट, रात्र कुठल्याशा देवळात काढून. का, असं कुणी विचारलं तर तुम्ही म्हणालात, ‘हवा चांगली होती.’ आई घंगाळात कढत पाणी घेऊन आली आणि तुमच्या पायाशी बसली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. मामाला काय वाटलं कोण जाणे, मिशा काढलेल्या तोंडानं, साध्या सदऱ्यात, तो तुमच्यासमोर बसला आणि कालचं गाणं त्यानं पहिल्यापासून तुमच्यासाठी म्हटलं. आणि तुम्ही झोपलात! घंगाळात पाय, भिंतीला डोकं, तोंड उघडं. तीसेक मैल चालून जे ऐकायला आलात ते समोर चाललंय आणि तुम्ही घोरताय. मला इतका संताप आला की मी परड्यात जाऊन केळीच्या बुंध्याला लाथ मारली.

त्यानंतर गणपतीत तुम्ही कधी आखणी केली नाहीत. आईही कधी काही म्हणाली नाही. मला वाटायचं, तुम्हाला तिचं सुख बघवत नव्हतं, किंवा साडी नेसणाऱ्या मेव्हण्याची लाज वाटत होती. लग्न होऊन बेळगावात आले तरी मी तेच धरून बसले होते. मग निपाणीला तुमचं पोट बिघडलं, मी धावत आले आणि मिरजेला न्यायचं ठरलं. तुम्ही म्हणालात बैलगाडी. डॉक्टर म्हणाले मोटार, नाहीतर उशीर होईल. तुमचे जुने विद्यार्थी गल्लीभर जमले होते. मोटार पुरती वेशीबाहेरही गेली नव्हती, तोच तुम्ही खिडकीतून वाकलात. मी तुमची पाठ धरली होती. पोटात कळा येत असताना ज्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हता ते तुम्ही रडत होता, आणि मला विचारत होता, ‘पोरांनी पाहिलं का गं? कुणी पाहिलं का?’

एवढंच होतं. मोटार लागायची. मिरजेहून आम्ही दोघीच परत आलो. तुमचे दिवस झाल्यावर मी आईला विचारलं, तर म्हणाली, ‘मला ठावं होतं की. पहिल्यांदा मोटार झाली तवा कोल्हापूरला देवीला गेलतो. कागलच्या म्होरं रस्त्याकडंला बसले, आन् मला म्हणाले, कुणाला बोलू नको. मग म्या कशाला बोलू?’

‘अगं, पण तुझं नाटक?’

‘आपूनहून सांगायला पायजे हुतं त्यांनी,’ ती म्हणाली, आणि तांदूळ निवडायला लागली.

आप्पा, मी तुम्हा दोघांवरही चिडले आहे. एक वाक्य. ‘मला मोटार लागते, तुम्ही दोघी पुढं जा, मी दोन दिवस आधी बैलगाडीनं निघतो.’ तुम्ही एवढ्या आखण्या केल्यात, ही एक साधी आखणी तुम्हाला सुचली नाही? तिनं मामाला नाटकात एकदाच पाहिलं, तेही अर्ध्यातून, मागं उभं राहून, कडेवर माझं ओझं घेऊन. आणि मी तो खोकला किती वर्षं छातीत घेऊन फिरले. शाळेत पोरांना ‘चुकलं तर चुकलं म्हणा, लाज कसली’ असं शिकवणारे तुम्हीच ना?

बाहेर मुलं दार वाजवताहेत. आमच्या यांचा बेत ठरला म्हणे, आधी मेळा, मग जेवण. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, चुलीतच जाईल. एक मात्र सांगते. मुलांना मी तुमची गोष्ट पुष्कळदा सांगितली आहे. आजोबा एकदा नाटकासाठी संकेश्वरपासून बेळगावला चालत आले, असं सांगते. का चालत आले, असं धाकटी विचारते, तेव्हा मी म्हणते, हवा चांगली होती.