यंदाची व्हीलकॅप माझीच

३ जानेवारी २०१९, गुरुवार
पबच्या मागच्या खोलीत आमच्या जुन्या गाड्या टिपणाऱ्या क्लबची मीटिंग. गेल्या वर्षीची व्हीलकॅप रॉडनी ॲपलगार्थने नेली. परत. रिटायर्ड डेंटिस्ट. आयुष्यभर लोकांच्या जबड्यात डोकावलेल्या माणसाला रस्त्यावरचं काय दिसणार? नशीब, दुसरं काय.
संकल्प: यंदाची माझी.
नियम परत लिहून काढतो, म्हणजे डोक्यात पक्के. जुनी, दुर्मीळ गाडी रोजच्या कामात दिसली पाहिजे. कोणी तिच्यातून बटाटे आणतंय, नातवंडं शाळेत सोडतंय, असं. प्रदर्शनात धुऊनपुसून उभी केलेली चालत नाही. स्वतःच्या घरची चालत नाही. फोटो हवा. डिसेंबरच्या जेवणाला ज्याची गाडी सगळ्यात दुर्मीळ ठरेल, त्याला लाकडी फळीवर ठोकलेली जुनी व्हीलकॅप. वस्तू म्हणून काही नाही, पण अख्ख्या लिंकनशायरमध्ये मान आहे.
येताना बायकोला, ग्वेनला, सगळं सांगितलं. म्हणाली, जिंक बाबा, पण आधी सीटबेल्ट लाव.

१२ जानेवारी, शनिवार
बेकरीबाहेर ट्रायम्फ हेराल्ड. पांढरी. मागच्या सीटवर चक्क पाव. फोटो काढला. लेन्सवर झाकण होतं. झाकण काढेपर्यंत गेली.
ही झाकणं लाल रंगाची का करत नाहीत? पत्र लिहिणार.

२ फेब्रुवारी, शनिवार
काही नाही. दिवसभर नुसत्या नव्या गाड्या.
आमच्याकडे ग्वेनच चालवते. २०११ साली एका सिट्रोएनकडे बघता बघता मी बसस्टॉपला धडकलो, तेव्हापासून. (बसस्टॉप चुकीच्या जागी होता. तसं कळवलंही. उत्तर नाही, म्हणजे मान्य आहे.) बरंच झालं, डोळे मोकळे राहतात.
दुःख एकच. ग्वेनची गाडी. निस्सान सनी, रंग बिस्किटाचा, तोही चहात बुडवलेल्या. तिच्या वडिलांनी १९८८ साली नवी घेतली, जाताना हिला ठेवली. बघताना जांभई येते. माझ्यासारख्या जाणकाराने असल्या गाडीतून उतरणं शोभत नाही, म्हणून मी पबच्या अलीकडे टपालपेटीपाशीच उतरतो. ग्वेन म्हणते, पाऊस आहे, दारात सोडते की. मी म्हणतो, पाय मोकळे होतात.

१२ मार्च, मंगळवार
ग्वेन मंगळवारी पोहायला जाते. मी तेवढा वेळ चौकात दुर्बीण घेऊन उभा असतो. आज शून्य.
परतताना ग्वेन म्हणाली, पार्किंगमध्ये एक जण माझ्या गाडीचा फोटो काढत होता. म्हटलं काय भानगड आहे, तर म्हणाला, फार सुंदर ठेवलीय तुम्ही.
मी तिला नीट समजावलं. इन्शुरन्सचे भामटे असतात, वय झालेल्या बायका हेरतात. ग्वेनने घरी येईपर्यंत रेडिओ मोठा करून ठेवला. घाबरली असावी.

१६ एप्रिल, मंगळवार
मासे आणि चिप्स आणायला थांबलो, तर दोन-तीन माणसं सनीला खेटून उभी. एक वाकून मागचा बंपर बघतोय. मी काच खाली करून विचारलं, गाडी लावायला मनाई आहे का इथे? छे छे म्हणाले, सावकाश होऊ द्या तुमचं. त्यांच्या गर्दीमुळे पलीकडची रोव्हर नीट दिसली नाही. ती रोव्हर नसेलही. पण असू शकली असती.
लोकांना कामधंदे नाहीत.

४ जून, मंगळवार
तो पार्किंगमधला फोटोवाला म्हणजे रॉडनी. आज ग्वेननेच सांगितलं, अगदी सहज. दर मंगळवारी भेटतो म्हणे. गाडी कधीची, तेल कुठलं घालता, असं विचारतो. मी म्हटलं, आणि तू सांगत बसतेस? म्हणाली, माणूस सभ्य आहे. माझ्या बाबांची गोष्ट त्याने पूर्ण ऐकून घेतली. तू तीस वर्षांत घेतली नाहीस.
गाडीचं निमित्त. कोणालाही कळेल. बिस्किटी सनीसाठी कोण दर मंगळवारी तलावावर जातं? स्वतः तर पोहतही नाही.
संकल्प: शांत राहायचं. ग्वेनवर माझा विश्वास आहे. डेंटिस्टवर नाही.

१९ जुलै, शुक्रवार
योजना ठरली. आपल्या दारात खरी क्लासिक गाडी पाहिजे. जॅग्वार, हिरवी. मग बघू कोण कोणाशी बोलायला येतं. दारात जागा एकाच गाडीची, तेव्हा सनी जाणार. रॉडनीचं निमित्तही तिच्याबरोबर जाणार.
दिसेल त्या जॅग्वारच्या वायपरखाली चिठ्ठी ठेवतोय, विकायची असल्यास कळवावे म्हणून. आज पहिला फोन आला. विकायची नाही, आणि वायपर वाकवलात म्हणाला.
सुरुवात चांगली आहे.

२४ सप्टेंबर, मंगळवार
सनीची वार्षिक तपासणी. नापास होईल या आशेने मुद्दाम बरोबर गेलो. पास. मेकॅनिक ग्वेनला म्हणाला, जपा हिला, अजून पंधरा वर्षं कुठे जात नाही. ग्वेनने त्याला केक दिला.
हल्लीच्या मेकॅनिक लोकांना काही कळत नाही.
व्हीलकॅपचं म्हणाल तर स्पर्धेत मी अजून आहे. माझ्याकडे एक व्होल्वो आहे. फोटोत बोट आलंय, पण बोटामागे व्होल्वो नक्की आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार
यश. दोन महिने रोज समजावत होतो. ग्वेनचं एकच पालुपद, बाबांची तेवढी एकच वस्तू आहे माझ्याकडे. मी म्हटलं, आठवणी मनात असतात. म्हणाली, मग जॅग्वारही मनातच ठेव. असं तिचं वाद घालणं.
पण आज नाश्त्याला तिने किल्ली टेबलावर ठेवली. म्हणाली, ने. रोज रोज ऐकण्यापेक्षा ने एकदाची.
लगेच भंगारवाल्याला फोन केला. मन वळवण्याची कला आहे माझ्याकडे.

२५ नोव्हेंबर, सोमवार
भंगारवाला आला. ग्वेनने आधी गाडीतून वडिलांचं घोंगडं काढलं, त्यांचा चष्मा काढला. मग दार लावून आत बसून राहिली. भंगारवाला घड्याळ बघायला लागला, तेव्हा मीच काचेवर टकटक केलं. ट्रकवर चढवताना सनी पहिल्या फटक्यात सुरू झाली. आज संध्याकाळीच यंत्रात दाबून चपटी करणार म्हणाला.
ग्वेन वडिलांचा चष्मा पुसत बसली आहे. पटलं असावं.

६ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी
काल क्लबचं जेवण. दोघं बसने गेलो. जॅग्वार अजून मिळायची आहे.
माझी व्होल्वो बाद. बोटामुळे. पहिला नंबर रॉडनी.
त्याचा फोटो भिंतीवर मोठा करून लावला होता. शाळेसमोरचं झेब्रा क्रॉसिंग. मुलं रस्ता ओलांडतायत, आणि त्यांच्यासाठी थांबलेली बिस्किटी सनी. ग्वेन मुलांकडे बघून हसतेय. शेजारी मी. डोळ्याला दुर्बीण, तोंड दुसरीकडे.
रॉडनी म्हणाला, ही गाडी कधीकाळी गल्लोगल्ली होती, आता आपल्या भागात ही एकच. वर्षभर आपण सगळेच हिच्या मागे होतो, मला उजेड चांगला मिळाला एवढंच. आणि (माझ्याकडे हात करून) टोपी काढावी ती लेनर्डपुढे. घरात असली गाडी, पण कधी शब्दाने मिरवला नाही. आपल्याला कमीपणा वाटू नये म्हणून टपालपेटीपाशी उतरायचा. मग आपणही कधी विषय काढला नाही.
टाळ्या. माझ्यासाठी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.
मग सगळे उठून कोट घालायला लागले. टपालपेटीपाशी जाऊन सनी बघायची म्हणाले. रॉडनीने त्यासाठी टॉर्च आणला होता. तेव्हा मला सांगावं लागलं.
कोणी रागावलं नाही. एक जण अच्छा म्हणाला. सेक्रेटरीने विचारलं, पुडिंग कोणाला हवंय अजून? रॉडनीने कोट परत खुर्चीवर टाकला, भिंतीवरचा फोटो काढला आणि ग्वेनला दिला. तिने त्याचा हात धरून आभार मानले. त्यात काही नव्हतं. मार्चपासून काही नव्हतंच. मी गाढव आहे.
नोंदीसाठी: घरची गाडी नियमात बसत नाही. म्हणजे तसं बघितलं तर माझं काहीच गेलेलं नाही.
हे वाक्य दोनदा वाचलं. बरं वाटेना.
बसमध्ये ग्वेन फोटो मांडीवर धरून बसली होती. फोटोतल्या माझ्या दुर्बिणीवर बोट ठेवून म्हणाली, एवढं काय रे बघत होतास पलीकडे? मला आठवत होतं. समोरच्या अंगणात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. लांबट, बुटकं. जुनी रोव्हर असणार असं वाटलं, म्हणून दुसऱ्या दिवशी चालत जाऊन ताडपत्री उचलून पाहिली. बार्बेक्यूची शेगडी निघाली.
ग्वेनला तसं सांगितलं. एरवी ती असल्या गोष्टीला हसते.