स्ट्रू म्हणजे नक्की काय?

ता. ३ मार्च

ती. आत्यास, ठकूचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? कामापुरतं गोड बोलतेय म्हणशील, तर तसंच आहे. आमच्या फुलांच्या दुकानात एका लग्नाच्या सजावटीचं काम आलंय. निरोप इंग्रजीत आहे, वाट पाकळ्यांनी ‘स्ट्रू’ करा. मालकीणबाई म्हणतात, स्कॅटर म्हणजेच ते. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, तूच सांग.

नवरा मुलगा कोण? तोच! ‘हिला चार लोकांत इंग्रजी बोलता येत नाही’ म्हणत आमचं ठरलेलं लग्न मोडणारा. गुलाबाचे काटे आमच्याकडे पोतंभर आहेत, आत्या.

आहे तो लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ठकू

ता. ८ मार्च

चि. ठकूस, अ. उ. आ.

गुडघा कुरकुरतोय, तुझ्यासारखाच. पाखरं उडाली, माणसं पांगली, तरी स्कॅटर चालतं. स्ट्रू म्हणजे वस्तू अशा पसरायच्या की खालची जागा त्यांनी भरून जाईल. पाकळ्या वाटेवर स्ट्रू कर, नाहीतर वाट पाकळ्यांनी स्ट्रू कर, दोन्ही बरोबर. पसरून झाल्या की स्ट्रून.

काटे मात्र नकोत. त्या वाटेने ती मुलगीही चालणार, तिने तुझं काय घोडं मारलंय? त्याला एकट्यालाच बोचेल असं काही सापडलं, तर मी अडवणार नाही. माझ्या भावाची मान त्या दिवशी खाली गेलेली मी पाहिलीय.

माया आहेच, पत्र धाड.

आत्या

ता. २१ मार्च

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

सापडलं! लग्न ठरताना त्याने मला निळा रेशमी स्कार्फ दिला होता, पांढऱ्या पाखरांचा. खास माझ्यासाठी करून घेतलाय, जगात असा एकच, म्हणाला होता. त्याचे पाकळ्यांएवढे तुकडे केले आणि पांढऱ्या गुलाबांत मिसळून वाटेवर पसरले. तो ऐटीत आला, खाली पाहिलं आणि तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पाहुण्यांपुढे इंग्रजीत चार शब्द बोलायला उभा राहिला, तर नुसतं त त प प. मी खांबाआडून पाहत होते. जिवाला काय गारवा वाटला म्हणून सांगू!

लग्न लागायच्या आधी नवरी मागच्या खोलीत आली, हातात एक तुकडा. आता बोलणी खायची, असं मला वाटलं. तिने शांतपणे विचारलं, हा कुठला. मी सगळं सांगितलं. तिने पर्समधून तस्साच स्कार्फ काढला. तिलाही तो म्हणाला होता, जगात असा एकच.

तिने माझ्याकडे कात्री मागितली. आपल्या स्कार्फचे तुकडे करून तीच वाट तिने स्वतःच्या हाताने पुन्हा स्ट्रू केली आणि तिच्यावरून चालत एकटीच बाहेर पडली.

आशीर्वाद दे, थोडे तिच्यासाठीही.

तुझी ठकू