बाही हातमोज्याच्या वर

प्रिय ड्रायव्हरसाहेब,

मी पोचले हे तुला फोनवर कळलंच आहे. पण फोनवर आपण दोघं काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारलंस पोचलीस का, मी म्हटलं पोचले. मी विचारलं जेवलास का, तू म्हणालास हो. एवढ्यात सगळी खबरबात आटोपली आणि तू फोन ठेवलास. त्यातून आपली लेक शेजारीच उभी होती, कान टवकारून. म्हणून आता ती कामावर गेल्यावर तिच्या जेवणाच्या टेबलाशी बसून हे लिहितेय. माझा रेनसूट बाल्कनीत टांगलाय, खाली बादली ठेवलीय आणि अजून त्यातून पाणी टपटपतंय. बुटांमध्ये तू सांगतोस तसे वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेत. जावई उद्या सकाळी कामासाठी तिकडे येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देईन. आत नळवाल्यासाठी सूचना आहेत असं त्याला सांगितलंय. बिचाऱ्याने मान डोलावली.

तर आधी नळवाल्याचंच बोलू. काल सकाळी मी फाटकातून बाहेर पडले ती फणफणतच. आदल्या संध्याकाळी तू कबूल केलं होतंस की यंदा गाडी मी चालवायची आणि तू मागे बसायचं. तूच मोटारसायकलची टाकी पुसलीस, चेनला तेल दिलंस, दोन्ही बाजूंच्या पिशव्या हातात तोलून सारख्या वजनाच्या भरल्यास. सकाळी आत बराच वेळ लावून का होईना, तुझा तो नारिंगी रेनसूटही चढवून आलास. मी गाडी सुरू करून बसले. तू माझ्या मागे, भिंतीकडे तोंड करून हेल्मेट घालत होतास. मी वाट बघितली, हॉर्न वाजवला, परत वाजवला. वळून बघते तर हेल्मेट तुझ्या हातात, आणि तू म्हणतोस, तू जा, आज नळवाला येणार आहे. गेल्या उन्हाळ्यापासून आज येतो उद्या येतो करणाऱ्या माणसासाठी तू लेकीकडची वर्षाची फेरी सोडलीस. समोरच्या गॅलरीत शेजारचे कवायतमास्तर चहाचे घुटके घेत आपली मजा बघत होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, बायकोच्या मागे बसायची लाज वाटतेय साहेबांना. आणि निघाले.

रागात गाडी चालवायची नाही हे तू मला मैदानात शिकवताना सांगितलं होतंस, तुझ्या त्या ठेवणीतल्या मास्तरी आवाजात. क्लच सोडताना गाडी बंद पडली की तू कपाळाला हात लावायचास, ते मी अजून विसरलेले नाही. पण खरं सांगू, गावाबाहेर पडल्यावर माझा राग पाच-सहा वळणांपुरताच टिकला. मला वेगळंच काही दिसायला लागलं. म्हणजे, रस्ताच दिसायला लागला. इतकी वर्षं आपण या वाटेने जातोय, पण माझ्यासाठी हा रस्ता म्हणजे तुझी पाठ. मला ठाऊक होत्या त्या फक्त डाव्या-उजव्या गोष्टी. लाकडाची वखार, मागून भुंकत येणारी कुत्री, कारखान्याच्या भिंतीजवळचा तो साबणाचा वास. समोरचं सगळं तुझं होतं. पुलाच्या अलीकडे रस्ता एवढा मोठा उतार घेतो आणि खाली नदी अशी आडवी पडलेली दिसते, हे तू मला एकदाही सांगितलं नाहीस. एकट्याने बघितलंस सगळं. लबाड आहेस.

ढग मात्र मी तुझ्यासारखेच ओळखले. आठवतं ना, आभाळ जरा काळवंडलं की तू गाडी कडेला घ्यायचास आणि मी कुरकुरायचे की अजून एक थेंब तरी पडलाय का. तू म्हणायचास, भिजल्यावर रेनसूट घातला तर पाणी आत कोंडून घेतो आपण. काल मी शहाण्यासारखी कोरडी असतानाच थांबले. एका बंद दुकानाच्या पडवीत उभी राहून आत लोकरीचा स्वेटर, वर जाकीट, त्यावर रेनसूट, विजार बुटांवरून खाली ओढलेली, गळ्याला ती तुझी कातडी पट्टी, सगळं तुझ्या शिस्तीत चढवलं. हेल्मेटची काच बोटभर उघडी ठेवली, म्हणजे आतून धुकं धरत नाही. सामानाच्या पिशव्यांना आवरणं घातली. कुठे म्हणून कसर ठेवली नाही. मग पाऊस आला, आणि काय आला. पुढे बसणाऱ्याला पाऊस वरून लागत नाही, समोरून लागतो, हे मला कालच कळलं. मूठभर खडे कुणीतरी सारखे छातीवर मारतंय असं वाटत होतं. त्यात चढणीवर वारा आडवा आला. ट्रक बाजूने गेला की गाडी आधी आत ओढली जायची आणि मग बाहेर ढकलली जायची. मी तुझे धडे घोकत होते. हँडल घट्ट आवळायचं नाही, गुडघ्यांनी टाकी धरायची, पांढऱ्या पट्ट्यावर ब्रेक लावायचा नाही, पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला सारलंय त्याच रेघेवरून जायचं. भीती वाटली. ते तुझ्यापासून लपवून काय करू. पण चालवली.

आणि एक चूक केली, बघ. तू असतास तर झाली नसती. हातमोजे घातले ते बाहीच्या वरून. दरवर्षी निघताना तू माझे दोन्ही हात समोर धरायला लावतोस आणि माझ्या रेनसूटची बाही हातमोज्याच्या वर ओढून बसवतोस, लहान मुलाला तयार करावं तसं. मला वाटायचं, ही आपली तुझी एक खोड. काल ते करायला कुणी नव्हतं. खांद्यावर पडलेलं सगळं पाणी बाहीवरून घरंगळत थेट हातमोज्यांत उतरलं. चढण संपेपर्यंत माझे हात दोन पाणी भरलेल्या पिशव्यांत होते आणि बोटं कुठे संपतात ते मला कळत नव्हतं.

वर पोचल्यावर पेट्रोल पंप लागतो, तो तुला माहीत आहे. तिथे छपराखाली गाडी लावली, हातमोजे दातांनी ओढून काढले आणि हेल्मेट काढायला गेले. पट्टा सुटेना. त्या दोन कड्यांमधून पट्टा उलटा ओढायचा, एवढंच तर काम. रोजचं. पण बोटांना पट्टा सापडतच नव्हता. सापडला तर धरता येईना. धरला तर निसटून जाई. आसपास बरीच माणसं अडकून पडली होती, चहाचे कागदी पेले घेऊन उभी होती, आणि सगळी बघत होती. कुणी हसलं नाही, पण बघत होती. मी काय केलं असेल? भिंतीकडे तोंड केलं. हवेच्या पंपाशी जाऊन, सगळ्यांकडे पाठ करून, हनुवटीखाली चाचपडत उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, रागाचं की थंडीचं कोण जाणे. शेवटी पेट्रोल भरणारी बाई आली. माझ्या लेकीएवढी असेल. तिने माझी हनुवटी वर केली, पट्टा सोडवला, आणि माझे दोन्ही हात आपल्या काखांत धरून उभी राहिली, ऊब येईपर्यंत. तिच्या अंगाला पेट्रोलचा वास येत होता.

ती भिंत समोर होती तेव्हाच मला फाटकाशी उभा असलेला तू दिसलास.

तुला चालवताना ब्रेक वेळेवर आवळता येत नाही म्हणून तू गाडी माझ्या हातात दिलीस, ते आपण दोघांनी मिळून ठरवलं. त्याबद्दल आपण बोलतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेही आपण बोललो, की हाताची ही थरथर थोडी वाढेल, औषधाने थोडी आटोक्यात राहील. पण बाकीचं तू मला न सांगताच सोडत गेलास आणि मी आपली दरवेळी भलतंच कारण धरून बसले. अर्ध्या गावाच्या कवळ्या तुझ्या हातच्या आहेत. समोरून येणारा माणूस हसला की तू आधी त्याचे दात तपासतोस आणि मग त्याला ओळखतोस. त्या तुझ्या दातांच्या कारखान्यात जाणं तू बंद केलंस तेव्हा मी म्हटलं, कंटाळला असेल. आणि चहाचं तर काय सांगू. आयुष्यभर एक्स-रेच्या खोलीत काचेमागून मी लोकांना सांगत आले, श्वास धरा, हलू नका. एकदा तुझा कप बशीवर किणकिणायला लागला आणि सवयीने माझ्या तोंडून तेच गेलं. तू हसलास, मीही हसले. पण त्यानंतर तू चहा ओट्याशी उभा राहून प्यायला लागलास, माझ्याकडे पाठ करून. मला वाटायचं खिडकीतून बाहेर बघतोय. माणसांच्या हाडांतली बारीक चीर मला दिसायची, आणि घरातला माणूस भिंतीकडे तोंड का करतो ते दिसलं नाही.

माझ्या मागे बसण्याची तुला लाज नव्हती. हे मला आता पक्कं ठाऊक आहे. तुला फक्त पट्टा लावता येत नव्हता, कवायतमास्तर वरून बघत होते, आणि मी हॉर्न वाजवत होते.

लेकीने दार उघडलं तेव्हा मी नखशिखांत निथळत होते. तिने माझ्या रेनसूटचं जाकीट काढलं, उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, आई, पाठसुद्धा पूर्ण भिजली की तुझी. तशी भिजणारच. आपण कुठूनही भिजून आलो की तुझ्या जाकिटाच्या पाठीवर मधोमध एक कोरडा भाग असायचा. तिथे मी टेकलेली असायचे. आणि माझ्या जाकिटाची पुढची बाजू तशीच कोरडी, तुझ्यामुळे. दोन्ही जाकिटं शेजारी टांगली की ते दोन कोरडे भाग जोडीने दिसायचे आणि आपल्याला कधी त्याचं विशेष वाटलं नाही. काल बाल्कनीत एकच जाकीट टांगलं, दोन्ही बाजूंनी ओलं. मला तुझी फार आठवण आली. म्हातारपणी असं लिहायला मला काही वाटत नाही, तुलाही वाचायला वाटू देऊ नकोस.

लेकीने विचारलं बाबा का नाही आले. मी म्हटलं, नळवाला. ती एवढी हसली की तिला बसावं लागलं. हे तुझं कारण काही टिकणारं नाही. पुढच्या वेळी बरं शोध.

पण पुढची वेळ येऊ द्यायची नाही, एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलंय. उद्या जावई संध्याकाळी परत निघेल, त्याच्या मोटारीत बसून तू इकडे ये. तुझा नारिंगी रेनसूट आणि हेल्मेट एका पिशवीत घालून आण. चार दिवस राहू आणि मग आपण दोघं मोटारसायकलने घरी जाऊ. मी पुढे, तू मागे. इथल्या दुकानात नुसतं दाबलं की बसणारं बक्कल असलेली हेल्मेटं मी बघून ठेवलीत. तुला हवं तर घेऊ, नको तर नको, तुझं तू ठरव. मागे बसल्यावर काय करायचं ते मी शिकवेन, त्यातली मास्तरीण मी आहे. वळणावर माझ्याबरोबर झुकायचं, वखार आली की डावीकडे बघायचं, आणि दोन्ही हात माझ्या कमरेला धरून ठेवायचे. गाडी सुरू झाली की ती आपल्या दोघांना मिळून एवढी हलवते, की त्यात कुणाचा हात थरथरतोय हे मला काही कळायचं नाही. आणि यापुढे आपण घरातूनच तयार होऊन निघायचं. दार उघडायच्या आधी, आत, जिथे कुणाची गॅलरी नाही. तू माझी बाही हातमोज्याच्या वर ओढायचीस, हात थरथरले तर थरथरू देत, मला घाई नाही. मग मी तुझा पट्टा कड्यांमधून ओवेन, घट्ट करेन, आणि माझ्या हनुवटीखाली तू इतकी वर्षं घालून बघितलीस तशी दोन बोटं आत घालून बघेन. तू फक्त हनुवटी वर कर.

तुझीच,
आता पुढच्या सीटवर बसलेली