चार नंबरच्या टेबलावरचा मीटर

१७ सप्टेंबर

प्रिय दादास,

नमस्कार. वहिनीच्या गुडघ्याचं कळलं. तिला जिने चढू देऊ नकोस. आमचं ठीक आहे. धाकटीची परीक्षा संपली. आमच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला तोटा नाही, पण व्होल्ट मोजायचा जुना मीटर पार बावचळला होता, तोंडाला येईल तो आकडा सांगायचा. नवा घ्यायची ऐपत नाही, म्हणून परवा भंगारवाल्याकडे गेले.

तुझा आणि ह्यांचा तो बंद पडलेला कारखाना त्यानेच उचललाय. मीटरांची चळत लागली होती. एकावर तुझ्या सहीची चिठ्ठी चिकटवलेली दिसली. ‘उघडून जुळवला, अचूक.’ माझी छाती फुगली. भंगारवाला म्हणाला, “ताई, लावून बघा.” मी म्हटलं, “आमच्या दादाची सही आहे, बघायचं काय त्यात?” भरपूर घासाघीस करून आणला.

घरी पक्क्या दहा व्होल्टवर लावला, तर जेमतेम नऊ दाखवतो. जुळवावा म्हणून उलटा केला. झाकणाच्या स्क्रूवर बनवणाऱ्यांचं मूळ सील, जसंच्या तसं. हा मीटर उघडल्याशिवाय जुळत नाही, हे तूच मला शिकवलंस. एकावर एक चिकटवलेल्या तुझ्या अकरा चिठ्ठ्या नखाने सोलून काढल्या. अकराही वेळा ‘उघडून जुळवला’. कडेला रंगाने चार आकडा होता. कारखान्यातलं ह्यांचं टेबल.

त्या मीटरवर विसंबून ह्यांनी बारा व्होल्टचा म्हणून माल जुळवून पाठवला, तो निघाला सव्वातेराचा. गिऱ्हाइकांची यंत्रं जळली आणि निष्काळजी म्हणून ह्यांना काढलं.

तू म्हणशील, एकटा माणूस, ढीगभर मीटर, वर साहेबांची घाई. मान्य. चौकशीत गप्प बसला असतास तरी मी गिळलं असतं. तू म्हणालास, “खोट मीटरमध्ये नाही, माणसात आहे.” मीही तेच धरून बसले. तेव्हापासून सात वर्षं दुकानात ह्यांनी जोडलेली प्रत्येक तार मी पुन्हा तपासत आले, तेही ह्यांच्या देखत. त्याची आता लाज वाटते.

काल ते सील ह्यांना दाखवलं. हे वाकूनसुद्धा बघेनात.

“माहीत आहे,” म्हणाले.

“मग तेव्हाच सांगायचं नाही का?”

“सांगितलं होतं. तू तीन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी.”

मला आठवत नाही, असं मी म्हणाले. दादा, मला आठवत होतं. ते तीन दिवस मी ह्यांना ताटसुद्धा वाढलं नव्हतं.

नोकरी काही परत येणार नाही, कारखानाच उरला नाही. पण तू ये आणि जे चौकशीत बोलायला हवं होतंस ते ह्यांच्यासमोर बसून बोल. मीही ह्यांची माफी मागेन, पण तुझ्यानंतर, कारण तुझं ऐकल्याशिवाय हे माझं खरं मानणार नाहीत, आणि का मानावं?

आजवर तुझीच बाजू घेत आलेली,
तुझी बहीण